अमेरिकेहून आईसाठी सीबीडी गमीज आणायच्या का? मुंबई एअरपोर्टला लफडं होईल का?

मुग्धा_पार्ले_ईस्ट:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझा मावसभाऊ न्यूजर्सीला असतो, गणपतीला येतोय. आईचे गुडघे चार वर्षं झाली कुरकुरतायत, आता तर स्टेशनचा जिना बघितला की ती रिक्षाच करूया म्हणते. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आई म्हणते मी जिवंत असेपर्यंत नाही. तर दादा म्हणाला मावशीसाठी सीबीडीच्या गमीज घेऊन येतो, त्याच्या सासूबाई रोज रात्री एक घेतात आणि वॉकला जातात म्हणे. मी म्हटलं अरे ते गांज्याचं असतं ना, तर म्हणे छे, ते हेम्प, त्याच झाडाचा नशा न देणारा प्रकार, आणि सीबीडी हा त्यातला एक घटक, त्याने नशा होत नाही, इकडे पेट्रोल पंपावर मिळतं, चघळायच्या गोळ्यांसारखं. डब्यावर "टीएचसी फ्री", म्हणजे नशा आणणारा घटक नाही, असं लिहिलेलंय, त्याने फोटो पाठवला. दोन डबे आणणार आहे, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दुबईवरून येतोय.
नवरा म्हणतो बनारसला सरकारमान्य दुकानात भांग मिळते, इथे होळीला सोसायटीत थंडाई चालते, मग या गोळ्यांना कोण विचारतंय. मला मात्र झोप लागेना. कोणाला नक्की माहिती आहे का? आईला बीपीची गोळी चालू आहे आणि गेल्या वर्षी पायात गुठळी झाली तेव्हापासून रक्त पातळ करायची पण.

बिनधास्त_बोरिवली:
काही होत नाही हो. ग्रीन चॅनलने निघायचं, बॅगेत चॉकलेटं असतात तशा गमीज. माझा मित्र दोनदा घेऊन आलाय. स्कॅनरमध्ये जेलीच दिसते. उगाच टेन्शन घेऊ नका.

काळाकोट:
बिनधास्तभाऊ, तुमचा मित्र दोनदा सुटला ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिसऱ्यांदा अडकला तर फोन तुम्हाला नाही, आमच्यासारख्याला येतो, तोही रात्री अडीचला. मी किल्ला कोर्ट आणि सेशन्सला बरीच वर्षं एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, मॅटर्स बघतोय, त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

मुग्धाताई, पहिली गोष्ट म्हणजे आपल्या कायद्यात "सीबीडी" हा शब्दच नाही. १९८५ चा एनडीपीएस कायदा झाडाच्या भागांवर बोलतो. चरस म्हणजे झाडापासून वेगळा काढलेला चीक, कच्चा असो की शुद्ध केलेला, त्यात हॅश ऑइल पण आलं. गांजा म्हणजे फुलोरा, म्हणजे शेंडे. बिया आणि पानं, शेंड्यांबरोबर नसतील तर, गांज्यात धरत नाहीत. आणि त्याच व्याख्येतला तिसरा भाग असा की चरस किंवा गांजा कशातही मिसळला, किंवा त्याचं पेय केलं, तरी ते मिश्रण कॅनाबिसच. आता अमेरिकेतला सीबीडी येतो कुठून? बहुतेक वेळा हेम्पच्या फुलोऱ्यातून अर्क काढून. तिकडे तो हेम्प आहे कारण सुक्या झाडात डेल्टा-नाइन टीएचसी (टीएचसीचा नेहमीचा प्रकार) ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आपल्या एनडीपीएसमध्ये ही ०.३ वाली रेघ नाहीच हो. शेंडा म्हणजे शेंडा, मग त्यात नशा असो नसो. तुमचा दादा अमेरिकेची व्याख्या खिशात घालून सहार एअरपोर्टला उतरणार आणि इथला अधिकारी वेगळ्याच पुस्तकातून वाचणार.

आता नवऱ्याचा मुद्दा, भांग. भांग म्हणजे पान, म्हणून ती केंद्राच्या कायद्यातून सुटते आणि राज्यांच्या हातात जाते. म्हणून यूपी-राजस्थानात परवान्याची दुकानं आहेत. गुजरातने २०१७ मध्ये दारूबंदी कायद्यातल्या अमली पदार्थांतून भांग काढून टाकली (हो, गुजरातने, दारू नाही पण भांग चालेल). आणि आपल्या महाराष्ट्रात? १९४९ चा तो मुंबई दारूबंदी कायदा आहे ना, ज्याच्याखाली दारू प्यायचा परवाना लागतो आणि कोणीच काढत नाही, त्याच कायद्यात भांगसुद्धा आहे. विनापरवाना भांग बाळगणं, पिणं, कलम ६६ खाली गुन्हा. सोसायटीतली थंडाई चालते म्हणजे ती कायदेशीर आहे असं नाही, कोणी तक्रार करत नाही एवढंच.

बिनधास्तभाऊंसाठी अजून एक. समजा तपासणीत टीएचसी निघालं. वजन कशाचं धरणार? फक्त टीएचसीचं नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हीरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रण असेल तर पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे साखर, जिलेटिन, स्ट्रॉबेरीचा रंग सगळं वजनकाट्यावर. चरसची "स्मॉल क्वांटिटी" १०० ग्रॅम, गांज्याची १ किलो. हे चरसात धरायचं की गांज्यात यावर मी कोर्टात दोन तास भांडेन, पण दोन डबे मिळून १०० ग्रॅमच्या वर जातात हे किराणा दुकानदार पण सांगेल. स्मॉलच्या आत एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्याच्या वर गेलात की थेट दहा वर्षांपर्यंत. शिवाय परदेशातून आणणं म्हणजे आयात, त्याचं कलम वेगळं, २३.
आणि समजा काहीच निघालं नाही, खरंच टीएचसी फ्री. हे कधी कळणार? लॅबचा रिपोर्ट आल्यावर. तोपर्यंत दादाचा पासपोर्ट कुठे, परतीचं तिकीट कुठे, त्याच्या नोकरीचं काय, व्हिसा रिन्यूअलच्या फॉर्ममध्ये "कधी अटक झाली आहे का" ला काय लिहिणार, हा हिशोब करा. केस शेवटी जिंकाल हो. पण कधी.

एडिसनकर:
मी न्यूजर्सीतच राहतो म्हणून लिहितो, दादाचं नक्की काय चुकतंय ते सांगतो. इथे दोन वेगळ्या दुकानांतला माल लोक एकच समजतात. एक म्हणजे डिस्पेन्सरी. न्यूजर्सीत २०२० च्या मतदानात लोकांनी गांजा मंजूर केला, दुकानं २१ एप्रिल २०२२ ला उघडली, २१ वर्षं पूर्ण असलेल्याला आयडी दाखवून घेता येतो. हा सगळा राज्याचा कारभार, प्रत्येक राज्याचा वेगळा. आणि गंमत बघा, दुकानातून औंसभर विकत घ्या, पण घरी कुंडीत एक रोप लावलंत तर न्यूजर्सीत गुन्हा! शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये लावता येतं. नदी ओलांडली की कायदा बदलतो.

दुसरा माल म्हणजे हेम्पवाला, तो २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे अमेरिकेच्या शेती कायद्याने, आला. शेतकऱ्यांना धागा नि बी यासाठी सूट दिली आणि हुशार लोकांनी त्यातून डेल्टा-एट नावाचं नशा देणारं प्रकरण काढून पेट्रोल पंपावर लावलं, कारण कायद्यात फक्त डेल्टा-नाइन मोजायचं लिहिलं होतं. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेघ बदलली, आता सगळं टीएचसी मिळून अख्ख्या डब्याला ०.४ मिलिग्रॅम, लागू व्हायला एक वर्ष दिलंय. म्हणजे दादाच्या फोटोतला डबा थोड्या दिवसांनी इकडेसुद्धा दुकानातून गायब होऊ शकतो.

आणि "टीएचसी फ्री" वर विश्वास ठेवू नका प्लीज. २०१७ मध्ये इथे ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली होती, त्यात लेबलवर जेवढं सीबीडी लिहिलंय तेवढं असलेली फक्त २६ निघाली आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. सासूबाई वॉकला जातायत हे चांगलंय, पण कशामुळे ते कोणी बघितलंय.

एअरपोर्टवर इथले सिक्युरिटीवाले ०.३ च्या आतलं हेम्प सोडतात, त्यामुळे लोकांना वाटतं पास झालो. अहो तो नुअर्कचा पास आहे, दुबईचा नाही. तिकडचे कायदे फार कडक, ट्रान्झिटमध्ये असलात तरी तुम्ही त्यांच्या जमिनीवरच असता.

औषधांची_गाडी:
मुग्धाताई, कायद्याचं या मंडळींनी सांगितलं, मी फार्मसिस्ट आहे, ठाण्याला. तुमच्या पोस्टमधली शेवटची ओळ वाचून मी थबकले. रक्त पातळ करायची गोळी म्हणजे कोणती? वॉरफरिन किंवा असिट्रोम असेल तर सीबीडी आजिबात स्वतःच्या मनाने नको. लिव्हरमधली जी एन्झाइम्स ही गोळी पचवतात तीच सीबीडी अडवून धरतं, मग गोळी रक्तात साठत जाते, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) वर जातो आणि एक दिवस हिरड्यांतून रक्त. नवीन पिढीची गोळी असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जास्त डोसला लिव्हरचे रिपोर्ट पण बिघडतात.

सीबीडी खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेच्या एफडीएने जून २०१८ मध्ये सीबीडीचं औषध मान्य केलं, पण ते लहान मुलांच्या दोन दुर्मिळ आणि हट्टी फिट्सच्या आजारांसाठी, ड्रावेट आणि लेनॉक्स-गॅस्टो. गुडघ्याच्या संधिवातावर रोज ६०० मिलिग्रॅम तोंडाने देऊन चाचणी झालीय, बरोबर पॅरासिटामॉल होतं, आणि नुसत्या पॅरासिटामॉलच्या वर काही जास्त फायदा दिसला नाही. एका गमीत असतं किती, १०, २५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमची आई ६०० ला पोचायला जेवणाऐवजी गमीजच खाणार का. (चिडू नका, रात्रपाळीवरून लिहितेय.)

आणि खरंच कोणाला परदेशातलं औषध स्वतःसाठी आणायचंच असेल तर त्याचा रस्ता आहे, डॉक्टरांची चिठ्ठी लावून फॉर्म १२-ए ने अर्ज करायचा आणि १२-बी परमिट घ्यायचं. पेट्रोल पंपावरच्या गमीजना तो मिळणार नाही कारण ते औषध म्हणून कुठे मंजूरच नाही.

सांधेदुखी_६२:
मी स्वतः घेतलंय, म्हणजे इथलंच, विजया (आयुर्वेदात भांगेला म्हणतात) अर्काचं तेल. अनुभव सांगतो. इन्स्टावर जाहिरात आली, वेबसाइटवर गेलो, नाव वय दुखणं भरलं, दोन मिनिटांत एका डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल. त्यांनी विचारलं झोप लागते का, मी म्हटलं नाही, झालं, चिठ्ठी आली. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारलंच नाही! ३० मिलीची बाटली, पाच हजाराला चुना. जिभेखाली थेंब टाकायचे. दुसऱ्या दिवशी जरा जास्त टाकले तर संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या मला फारच विनोदी वाटायला लागल्या, बायको म्हणाली तुम्हाला काय झालंय. नंतर बाटली नीट वाचली तर पानांचा पूर्ण अर्क, म्हणजे सीबीडीबरोबर टीएचसीपण. मी सीबीडी समजून घेतलं होतं. कंपनीला फोन केला तर म्हणे सर डोस कमी करा. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस यायची.
गुडघा? दुखतो तेवढाच, फक्त मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं दोन तास.

वैद्य_गिरगाव:
वरच्या काकांचा अनुभव वाचून वाईट वाटलं, कारण विजयेला आम्ही औषध मानतो, मस्करी नाही. जातिफलादि चूर्णात भांग असते, पोट बिघडणाऱ्यांना पूर्वापार देतात. पण ती शोधन करून, पानं धुऊन धुऊन पाण्याचा हिरवा रंग जाईपर्यंत, मग सुकवून तुपावर परतून. औषध कायद्याच्या नियमांत शेड्यूल ई-१ म्हणून विषारी द्रव्यांची यादी आहे, त्यात विजया येते, म्हणून लेबलवर हिंदीत आणि इंग्रजीत "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असा इशारा छापावाच लागतो. बाटली विकत घेताना राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला आयुर्वेदिक परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि हा इशारा, तीन गोष्टी बघा. एक जरी नसेल तर परत करा. आणि विजया म्हणजे सीबीडी नव्हे हो! पान म्हणजे पान, त्यात दोन्ही असतं. जाहिरातवाले तरुण लोकांना बरं वाटावं म्हणून इंग्रजी अक्षरं पुढे करतात आणि लायसन्स मात्र आयुर्वेदाचं दाखवतात.
मुग्धाताई, रक्ताची गोळी चालू असताना मी तरी तुमच्या आईंना विजया देणार नाही. वजन, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि कोमट तेलाचा शेक, कंटाळवाणं आहे पण तेच.

अंबाडी_प्रेमी:
थोडं अवांतर. मी हेम्प म्हणजे काय ते मराठीत शोधायला गेलो तर जुन्या गॅझेटियरमध्ये डेक्कन हेम्प म्हणजे आपली अंबाडी निघाली आणि सन हेम्प म्हणजे ताग! मला वाटलं आजी आयुष्यभर आम्हाला भाकरीबरोबर काय खाऊ घालत होती. तर हे वेगळे बरं का, अंबाडी जास्वंदीच्या कुळातली, फक्त दोर निघतो म्हणून साहेबाने सगळ्यांना हेम्प म्हटलं.

तसं खऱ्या हेम्पचं बी आता खायला कायदेशीर आहे. एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेची केंद्रीय संस्था) नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली, बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. मी लाडूत टाकून बघितलं, तिळापेक्षा मऊ, चव बरीये, भाव मात्र काजूला लाजवेल. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी पूर्वीपासून घरोघरी करतात. कोणाला गुडघ्यासाठी म्हणून विकत असतील तर सोडून द्या, बियांत सीबीडी नावालाच.

काळाकोट:
अंबाडीप्रेमी, छान. त्यालाच जोडून, शेती पण राज्यांवरच आहे. कलम १० खाली राज्य सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं, कलम १४ खाली सरकार धागा आणि बियांसाठी. उत्तराखंडने २०१८ मध्ये सुरुवात केली, त्यांनी ०.३ ची अट घातली, हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक लागवडीला हिरवा कंदील दिला. आपल्याकडे मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला होता, कुठल्याच पिकाला भाव नाही तर दोन एकरात गांजा लावू द्या म्हणून. पोलीस म्हणाले प्रसिद्धीसाठी केलंय. असेलही. पण कांद्याचा भाव बघितला की माणूस अर्ज का करतो ते कळतं.

बिनधास्त_बोरिवली:
बरं बाबा, मित्राला सांगतो. पण मग सरकारने एकदाच स्वच्छ लिहावं ना, पान चालतं, शेंडा नाही, बी खा, तेल चिठ्ठीवर, भांग बनारसला हो मुंबईत नको. सामान्य माणसाने काय वनस्पतीशास्त्र घेऊन एअरपोर्टला जायचं?

काळाकोट:
हे मात्र बरोबर बोललात. १८९४ मध्ये इंग्रजांच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराच्या वर साक्षीदार तपासून सांगितलं होतं की बंदी घालू नका, कर आणि परवान्याने आवरा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने पान वगळून घेतलं. २०२० मध्ये युनोत गांजाला सगळ्यात घातक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५, त्यात भारताचं मत "काढा" असं होतं. तिकडे हात वर केला आणि इथे कायदा आहे तिथेच. पण हे मी तुमच्या मित्राच्या जामिनाच्या अर्जात लिहू शकत नाही ना, जज म्हणतील वकीलसाहेब, पंचनाम्यावर या. मुंबई एअरपोर्टवर बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक गांजा इतक्या वेळा पकडतात की तिथली मंडळी आता बिस्किटाचा पुडाही फोडून बघतात. आणि खाऊमध्ये घातलं की कळत नाही हा समज २०२१ मध्येच मोडला, मालाडला एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, बेकरीतून गांजा घातलेल्या ब्राउनी उचलल्या होत्या.

मुग्धा_पार्ले_ईस्ट:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दादाला अख्खा थ्रेड पाठवला. आधी म्हणाला तुम्ही इंडियावाले फार घाबरता, मग दुबईचं वाचून दहा मिनिटं ऑनलाइन असून गप्प, मग मेसेज आला "बदाम आणि व्हिटॅमिन आणतो". आईची गोळी असिट्रोमच निघाली, औषधांची गाडी ताई तुमचे विशेष आभार, मी विचारणारच नव्हते. सोमवारी आयएनआर करून घेतेय तसाही ड्यू होता.
आईला सगळं सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, म्हणजे भांगच ना ती, तुझे आजोबा शिवरात्रीला घ्यायचे आणि रात्रभर एकच अभंग म्हणायचे, त्यांचेही गुडघे दुखायचेच. नवरा थंडाईबद्दल आता काही बोलत नाहीये, तो सोसायटीचा सेक्रेटरी आहे हे मी वर लिहिलं नव्हतं.
पार्ले-अंधेरीत घरी येऊन व्यायाम करून घेणारं कोणी चांगलं फिजिओ माहीत असेल तर मेसेज करा, बाई असेल तर बरं, आई पुरुषांसमोर पाय वर करत नाही.